अपवर्कवरचे पहिले काम : काय मिळते आणि काय मोजावे लागते

फ्रीलान्सिंगला सुरुवात करणाऱ्या माणसापुढे दोन अडचणी एकाच वेळी उभ्या असतात. त्याला कोणी ओळखत नसते, म्हणून काम मिळत नाही. आणि काम मिळालेच तर ते देणाऱ्याला तोही ओळखत नसतो, म्हणून पैसे हाती पडतील याची शाश्वती नसते. अपवर्क ही काम देणारे क्लायंट आणि काम करणारे फ्रीलान्सर यांची गाठ घालून देणारी ऑनलाइन सेवा या दोन्ही अडचणींवरचा तोडगा म्हणून सांगितली जाते. माझे मत असे की दुसरी अडचण ती बऱ्याच अंशी सोडवते, पहिली मात्र जवळजवळ जशीच्या तशी ठेवते आणि वर त्या पहिल्या अडचणीपायी नवख्याकडून पैसेही घेते. हा फरक आधी लक्षात घेऊन जो खाते उघडतो, त्याला ही सेवा उपयोगी पडते. ‘नाव नोंदवले की कामे येऊ लागतील’ अशा समजुतीने जो येतो, तो थोड्याच दिवसांत वैतागून निघून जातो आणि त्याच्या वैतागाला कारणही असते.

अपवर्क हे नाव २०१५ पासूनचे आहे. त्याआधी १९९९ मध्ये सुरू झालेली ईलान्स आणि २००३ मध्ये सुरू झालेली ओडेस्क अशा दोन स्वतंत्र कंपन्या होत्या. त्यांच्या विलीनीकरणाची घोषणा २०१३ च्या अखेरीस झाली. ही जुनी हकिकत सांगण्याचे कारण एवढेच की आजच्या अपवर्कवर दिसणारे दोन प्रकारचे करार त्या दोन घराण्यांचे आहेत. ओडेस्कचा भर तासाच्या हिशेबाने चालणाऱ्या आणि संगणकावर मोजल्या जाणाऱ्या कामावर होता, तर ईलान्सचा भर एका ठराविक कामासाठी प्रस्ताव मागवण्यावर होता. दोन्ही पद्धती आजही शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांची सुरक्षिततेची रचना पूर्णपणे वेगळी आहे. नवख्याने करार स्वीकारण्यापूर्वी समजून घ्यायची गोष्ट कोणती असेल, तर ती हीच.

प्रोफाइलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्यावर सल्ल्यांचा सुकाळ आहे. दोनच मुद्दे सांगतो. पहिला असा की ‘लेखक, डिझायनर, डेटा एन्ट्री, व्हर्च्युअल असिस्टंट’ अशी चौफेर पाटी लावणाऱ्या नव्या माणसाला कोणीच विचारत नाही. क्लायंट शोधत असतो तो त्याच्या नेमक्या अडचणीवरचा माणूस, आणि ‘ऑनलाइन दुकानांसाठी वस्तूंची वर्णने लिहितो’ हे एक वाक्य त्या चार पदव्यांपेक्षा जास्त सांगून जाते. दुसरा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. अपवर्कबाहेर केलेल्या कामाबद्दल तिथल्या क्लायंटकडून प्रशस्ती मागवून ती प्रोफाइलवर लावण्याची सोय आहे. ओळखीतल्या एखाद्या संस्थेचे किंवा व्यावसायिकाचे छोटे काम, अर्थात मोबदला घेऊन, आधी करून दिले असेल, तर त्यांच्या दोन ओळी शून्य अभिप्रायांच्या प्रोफाइलला निदान चेहरा देतात.

आता पैशांकडे येऊ. अपवर्कवर एखाद्या कामासाठी प्रस्ताव पाठवायचा तर ‘कनेक्ट्स’, म्हणजे अपवर्कची टोकने, खर्च करावे लागतात. एका कनेक्टची किंमत ०.१५ डॉलर असते आणि कामागणिक लागणारे कनेक्ट्स वेगवेगळे असतात. काही कनेक्ट्स फुकट मिळतात, पण जो रोज नेटाने प्रस्ताव पाठवतो त्याला ते पुरत नाहीत. याशिवाय जास्तीचे कनेक्ट्स बोलीवर लावून आपला प्रस्ताव क्लायंटच्या यादीत वर आणण्याचीही सोय आहे. नव्या माणसाने तिच्या नादी लागू नये असे मला स्पष्टपणे वाटते. यादीत वर आलेला प्रस्ताव आधी वाचला जातो इतकेच. ज्याच्या नावावर एकही पूर्ण झालेले काम नाही, त्याचा सामान्य प्रस्ताव आधी वाचला गेला तर तो आधी नाकारला जातो.

हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, १०० डॉलरचे काम आहे आणि प्रत्येक प्रस्तावाला १२ कनेक्ट्स लागतात. म्हणजे एका प्रस्तावाला १.८० डॉलर झाले. दहा प्रस्तावांमागे एक काम मिळाले असे धरले, आणि अगदी नव्या माणसासाठी हा अंदाज उदारच म्हणावा लागेल, तर १८ डॉलर कामाच्या शोधातच गेले. अपवर्कचे शुल्क १० टक्के धरले तर आणखी १० डॉलर गेले. उरले ७२, आणि त्यातून पैसे बँकेत वळते करण्याचा खर्च वजा व्हायचा आहेच. पण खरा खर्च वेळेचा असतो. नीट लिहिलेल्या एका प्रस्तावाला अर्धा तास लागतो असे मानले तर दहा प्रस्तावांचे पाच तास झाले. मूळ कामाला दहा तास लागणार असतील, तर ७२ डॉलर पंधरा तासांवर वाटले जातात आणि ताशी ५ डॉलरसुद्धा पदरात पडत नाहीत. हा हिशेब घाबरवण्यासाठी मांडलेला नाही. पहिल्या काही कामांतून मिळकत होत नसते, त्यातून फक्त नोंद तयार होत असते, हे आधीच ठाऊक असले म्हणजे माणूस भलत्या अपेक्षेने दर ठरवत नाही. शिवाय प्रस्तावांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांची निवड सुधारणे किती फायद्याचे आहे, हेही या हिशेबातूनच दिसते. दहामागे एकाऐवजी पाचामागे एक काम मिळाले, तर शोधाचा खर्च सरळ निम्म्यावर येतो.

आणि निवड सुधारण्यासाठी लागणारी माहिती अपवर्क देते. या बाबतीत ही सेवा खरोखर चांगली आहे. प्रत्येक कामाच्या जाहिरातीसोबत क्लायंटची थोडक्यात कुंडली दिसते. त्याची पैसे देण्याची पद्धत तपासलेली आहे की नाही, त्याने आजवर किती खर्च केला, टाकलेल्या जाहिरातींपैकी कितींवर प्रत्यक्ष माणूस नेमला, सरासरी ताशी दर काय दिला आणि त्याच्याबद्दल आधीच्या लोकांनी काय लिहिले, हे सगळे तिथे असते. त्याखाली आतापर्यंत साधारण किती प्रस्ताव आले, क्लायंटने यादी शेवटची कधी उघडली आणि किती जणांशी बोलणे सुरू आहे, हेही दिसते. वीस जाहिराती टाकून ज्याने दोनच माणसे नेमली, तो बहुधा फुकटात बाजारभाव काढत असतो. जाहिरात चार दिवसांपूर्वीची आहे, पन्नासवर प्रस्ताव आलेले आहेत आणि तिघांशी बोलणे सुरू आहे, अशा ठिकाणी कनेक्ट्स घालवणे म्हणजे निव्वळ पदरमोड होय. उलट, ज्या क्लायंटने आधी पाच-सात छोटी कामे करून घेतली आहेत, ज्याचे अभिप्राय माणसासारखे लिहिलेले आहेत आणि ज्याची जाहिरात तासाभरापूर्वीची आहे, तिथे नवखाही वाचला जातो. जाहिरात किती बारकाईने लिहिली आहे, हा माझा स्वतःचा आवडता निकष आहे. ज्याला काय हवे हे दोन परिच्छेदांत सांगता येते, त्याच्याशी काम करताना ‘हे नव्हे, काहीतरी वेगळे हवे’ हे वाक्य सहसा ऐकावे लागत नाही.

प्रस्ताव लिहिण्याबाबत एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. क्लायंटला यादीत प्रत्येक प्रस्तावाच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. बाकीचा मजकूर त्याने तो उघडला तरच दिसतो. समजा, जाहिरात अशी आहे की ग्राहकांच्या यादीतल्या दोन हजार ओळी साफ करून हव्यात आणि सोबत नमुना फाइल जोडलेली आहे. अशा कामाला येणारे बहुतेक प्रस्ताव ‘महोदय, मी आपली जाहिरात काळजीपूर्वक वाचली असून मला या क्षेत्रातील उत्तम ज्ञान आहे’ अशा थाटात सुरू होतात, म्हणजे दिसणाऱ्या दोन्ही ओळी वाया गेलेल्या असतात. त्याऐवजी नमुना फाइल उघडून कोणी असे लिहिले तर काय होते पाहा : ‘आपल्या फाइलमध्ये काही तारखांत दिवस आधी आहे, तर काही तारखांत महिना आधी आहे. महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या नोंदींमध्ये कोणता आकडा दिवसाचा हे नुसते पाहून ठरवता येणार नाही. अशा ओळी मी वेगळ्या काढून देऊ का, की पडताळण्यासाठी मूळ नोंदी मिळतील?’ या लेखकाला अनुभव किती, हे क्लायंटला अजून माहीत नाही. पण त्याने फाइल उघडून पाहिली, त्याला अडचण कळली आणि चुकीचा अंदाज करण्याऐवजी त्याने विचारले, हे मात्र कळले. शून्य अभिप्रायांच्या माणसाला याहून मोठा पुरावा देता येत नाही. असा प्रस्ताव साच्यातून काढता येत नाही, हे त्याचे मूल्यही आहे आणि त्याचा खर्चही. एआयकडून लिहून घेतलेले गुळगुळीत प्रस्ताव आता सर्रास येत असल्यामुळे तर फाइल उघडल्याची खूण दाखवणारी एक साधी ओळ आणखीच उठून दिसते.

क्लायंटची माहिती सोडली तर येथवरच्या भागात अपवर्कने नवख्यासाठी काही खास केलेले नाही. काम मिळाल्यावर मात्र चित्र पालटते आणि ज्यासाठी शुल्क द्यावे असे काहीतरी हाती लागते.

ठराविक रकमेच्या करारात क्लायंट टप्प्याची, म्हणजे माइलस्टोनची, रक्कम आधीच एस्क्रोमध्ये, म्हणजे अपवर्ककडच्या राखीव खात्यात, भरतो. ती रक्कम त्याच्या हातून सुटलेली असते, पण आपल्या हाती आलेली नसते. काम सादर केल्यावर क्लायंटला ते तपासायला १४ दिवस मिळतात. या मुदतीत त्याने मान्यताही दिली नाही आणि बदलही मागितले नाहीत, तर रक्कम आपोआप मोकळी होते आणि आणखी ५ दिवसांच्या सुरक्षा-मुदतीनंतर काढता येते. अनोळखी माणूस गप्प बसून तुमच्या तोंडाला पाने पुसू शकत नाही, ही साधी वाटणारी गोष्ट या धंद्यात फार मोलाची आहे. ज्यांनी ईमेलवर काम घेऊन, फाइल पाठवून, मग ‘कृपया पेमेंटचे पाहाल का’ अशी स्मरणपत्रे लिहिली आहेत, त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र या व्यवस्थेला दोन बारीक कंगोरे आहेत आणि नवखे नेमके तिथेच अडखळतात. पहिला असा की १४ दिवसांचे घड्याळ सुरू होते ते काम सादर करण्याच्या ठरलेल्या बटणातून काम दिल्यावर. चॅटमध्ये फाइल चिकटवून ‘काम पाठवले आहे’ असे लिहिले, क्लायंटने ‘छान, बघतो’ असे उत्तर दिले, तरी घड्याळ हललेले नसते. दुसरा कंगोरा असा की पहिल्या टप्प्याची रक्कम करार होतानाच भरली जाते, पण पुढचे टप्पे क्लायंटला वेगळे भरावे लागतात. पहिला टप्पा सुरळीत पार पडला, ओळख झाली, आणि ‘दुसऱ्याचे पैसे संध्याकाळी भरतो, तोवर सुरू तर करा’ असा निरोप आला, की नव्या माणसाला नाही म्हणवत नाही. वास्तविक त्या क्षणी तो एस्क्रोच्या संरक्षणातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडत असतो. ‘टप्पा भरला गेला की लगेच सुरू करतो’ हे वाक्य नम्रपणे लिहिता येते आणि प्रामाणिक क्लायंटला त्याचा राग येत नाही.

वाद झालाच तर अपवर्क मध्यस्थी करते, पण न्यायनिवाडा करत नाही. मध्यस्थीतून तडजोड निघाली नाही तर प्रकरण लवादाकडे नेता येते आणि त्यासाठी दोन्ही पक्षांना शुल्क भरावे लागते. त्यामुळे छोट्या रकमेच्या कामासाठी हा मार्ग कागदावरच राहतो. नवख्याची सगळीच कामे छोट्या रकमेची असतात, हे लक्षात घेतले तर वाद जिंकण्यापेक्षा वाद होऊ न देणे त्याच्या हिताचे ठरते. कामात काय येते, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल आणि कोणत्या स्वरूपात फाइल दिली जाईल, हे करार होण्यापूर्वी अपवर्कच्याच संदेशांत लिहून ठेवावे.

ताशी कराराची रचना निराळी आहे. इथे आधी एस्क्रो भरला जात नाही. आपल्या संगणकावरचे अपवर्कचे ॲप वेळ मोजते आणि दर दहा मिनिटांच्या अवधीत कधीतरी पडद्याचे एक चित्र घेते, शिवाय कीबोर्ड-माउसच्या हालचालीची नोंद ठेवते. सोमवार ते रविवार असा आठवडा धरला जातो, पुढच्या काही दिवसांत क्लायंटला तासांवर आक्षेप घेता येतो आणि आठवडा संपल्यापासून साधारण दहा दिवसांनी पैसे हाती येतात. क्लायंटने पैसे द्यायला नकार दिला तरी अपवर्कचे संरक्षण मिळू शकते, पण त्यासाठी तास ॲपमधून मोजलेले असावे लागतात, काय काम केले याची टीप लिहिलेली असावी लागते आणि ठरलेल्या आठवडी मर्यादेच्या आतले तास असावे लागतात. हाताने नंतर भरलेल्या तासांना हे संरक्षण नसते. पडद्याची चित्रे कोणीतरी पाहणार, हे अनेकांना पटत नाही आणि मलाही ते फारसे रुचत नाही. विचार करण्यात, कागदावर आराखडा काढण्यात गेलेली वीस मिनिटे त्या ॲपला आळस वाटते. पण अनोळखी क्लायंटच्या पहिल्या ताशी कामासाठी मी ही अट स्वीकारावी असेच म्हणेन. फक्त काम सुरू करण्यापूर्वी इतर खासगी खिडक्या बंद कराव्यात आणि चुकून नको ते चित्र गेले तर ते काढून टाकता येते, मात्र त्याबरोबर तेवढा वेळही वजा होतो, हे ध्यानात ठेवावे.

अभिप्रायांची पद्धत हा या सेवेचा सर्वांत वादग्रस्त भाग आहे. करार संपल्यावर दोन्ही बाजूंना अभिप्राय देण्यासाठी १४ दिवस असतात आणि दोघांनी दिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय कोणालाच समोरच्याचा अभिप्राय दिसत नाही. इथपर्यंत न्याय्य आहे, कारण ‘तू जसे लिहिशील तसे मी लिहीन’ याला त्यामुळे आळा बसतो. पण जाहीर ताऱ्यांशिवाय क्लायंट एक खासगी अभिप्रायही देतो. तो फ्रीलान्सरला दाखवला जात नाही आणि ‘जॉब सक्सेस स्कोअर’ या टक्केवारीत मात्र धरला जातो. याचा परिणाम असा की जाहीर पाने पाच ताऱ्यांनी भरलेली असूनही टक्केवारी उतरू शकते आणि कोणत्या कामामुळे उतरली ते नेमके कळत नाही. प्रामाणिक मत मिळावे म्हणून ही गुप्तता आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. तरीही ज्याच्या नावावर चारच कामे आहेत, त्याच्या टक्केवारीवर एका नाराज क्लायंटचा जो भार पडतो, तो चाळीस कामे केलेल्या माणसाच्या वाट्याला कधी येत नाही. ‘टॉप रेटेड’ हा बिल्ला मिळवायला इतर अटींबरोबर ही टक्केवारी किमान ९० असावी लागते. सहा, बारा आणि चोवीस महिन्यांच्या कालावधींवर ती काढून त्यांतली सर्वांत चांगली दाखवली जाते, एवढाच काय तो दिलासा.

म्हणूनच पहिली कामे स्वीकारताना ‘हे मला जमेल का’ याच्या जोडीला ‘हा माणूस समाधानी होण्यातला आहे का’ हा प्रश्नही विचारावा. आधीच्या चार फ्रीलान्सरना एक-दोन तारे देणारा क्लायंट पाचव्याला पाच देईल, अशी आशा करण्यात अर्थ नाही.

दराबद्दल सर्वत्र सांगितले जाते की सुरुवातीला कमी दर लावा आणि अभिप्राय जमले की वाढवा. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. अपवर्कच्या प्रोफाइलवर आधीच्या कामांची नोंद राहते आणि तीत मिळालेला दर किंवा रक्कम सहसा दिसते. तीन कामे कवडीमोलाने केली की चौथा क्लायंट तोच आकडा पाहून भाव करायला येतो. दर पाडण्यापेक्षा कामाचा आकार लहान ठेवणे शहाणपणाचे आहे. वीस पानांच्या भाषांतराऐवजी दोन पानांचे काम, पूर्ण संकेतस्थळाऐवजी एका पानाची दुरुस्ती, असे काम पूर्ण दराने घेतले तर क्लायंटचा धोकाही लहान राहतो आणि नोंदीत दर शाबूत राहतो.

फसवणुकीच्या बाबतीत अपवर्कचे नियम कडक आहेत आणि त्यांचा उपयोग गाळणीसारखा करता येतो. करार होण्यापूर्वी अपवर्कबाहेर संपर्क साधणे आणि अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटकडून बाहेर पैसे घेणे, दोन्ही नियमबाह्य आहे. त्यामुळे पहिल्याच संदेशात जो दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर बोलावतो, त्याच्याबद्दल फार विचार करावा लागत नाही. काम देण्यापूर्वी अनामत, नोंदणी किंवा प्रशिक्षण यांच्या नावाखाली जो पैसे मागतो, त्याचेही तेच. ‘तुमचे खाते आम्हाला चालवायला द्या, दरमहा ठरलेली रक्कम देऊ’ असा प्रस्तावही नव्या खात्यांना येत असतो. तो अधिक धोक्याचा आहे, कारण ओळख पटवून उघडलेल्या त्या खात्यावरून पुढे जे काही होईल, त्याला जबाबदार मूळ मालकच धरला जातो.

शुल्काची पद्धत अपवर्कने अनेकदा बदलली आहे. २०१६ पासून एका क्लायंटकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, त्यापुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के आणि त्याहून पुढे ५ टक्के अशी उतरती पद्धत होती. २०२३ मध्ये सरसकट १० टक्के झाले. मे २०२५ पासून नव्या करारांसाठी शून्य ते १५ टक्क्यांच्या दरम्यान कामानुसार बदलणारे शुल्क आले. नवख्याला उतरत्या पद्धतीपेक्षा सरसकट १० टक्के बरे होते, कारण तो नेहमी पहिल्या ५०० डॉलरच्या पट्ट्यातच असतो. बदलत्या शुल्काबद्दल माझी तक्रार रकमेपेक्षा अनिश्चिततेची आहे. आकडा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी दिसतो हे खरे, पण तो अमुकच का, हे समजत नाही, आणि दर ठरवताना प्रत्येक वेळी नव्याने गणित करावे लागते.

तुलनेसाठी दोन सेवांचा उल्लेख करायला हवा. २०१० मध्ये सुरू झालेल्या फायव्हरवर रीत उलटी आहे : तिथे प्रस्ताव पाठवत बसावे लागत नाही, आपण आपल्या कामाचे ठरीव पॅकेज मांडून ठेवायचे आणि ग्राहकाने ते विकत घ्यायचे. कनेक्ट्सचा खर्च नसतो, पण मिळकतीतून २० टक्के कापले जातात आणि नव्या विक्रेत्याला काम पूर्ण झाल्यावर पैसे काढण्यासाठी १४ दिवस थांबावे लागते. ज्याचे काम एका वाक्यात मांडता येते आणि दर वेळी सारखेच असते, जसे की आवाज ध्वनिमुद्रित करून देणे किंवा छायाचित्राची पार्श्वभूमी काढणे, त्याला फायव्हर अधिक सोयीचे आहे. ज्याच्या कामात आधी प्रश्न विचारावे लागतात, त्याला अपवर्क. फ्रीलान्सर डॉट कॉमवर ठराविक रकमेच्या कामाचे शुल्क १० टक्के किंवा ५ डॉलर, यांपैकी जे जास्त असेल ते, आणि तेही काम स्वीकारतानाच लागू होते. म्हणजे क्लायंटने एक पैसाही देण्याआधी. नव्या माणसासाठी ही अट मला जाचक वाटते. तिथल्या स्पर्धांमध्ये अनेकांनी पूर्ण काम करून द्यायचे आणि बक्षीस जिंकणाऱ्याला मिळायचे, ही पद्धत सरावापुरती ठीक आहे, उपजीविकेसाठी नाही.

एकूणात, ज्याच्याकडे एखादे कौशल्य आधीपासून हाताशी आहे, इंग्रजीत चार ओळी नेमक्या लिहिता येतात आणि पहिले काही महिने मिळकतीवाचून निभावतील, त्याला अपवर्क घ्यावे असे मी सांगेन. कौशल्य अजून शिकत असलेल्या माणसाने घाई करू नये, कारण तिथे झालेल्या चुका खात्याच्या नोंदीत राहतात. ज्याला ओळखीतून दोन-तीन क्लायंट सहज मिळण्यासारखे आहेत, त्याने आधी ते करावेत. अशा बाहेरच्या क्लायंटसोबत अपवर्कचाच ‘डायरेक्ट कॉन्ट्रॅक्ट’ करून एस्क्रोची सोयही वापरता येते. उलट दिशा मात्र मोकळी नाही. अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटसोबतचे काम दोन वर्षे अपवर्कमार्फतच करण्याचे बंधन खाते उघडतानाच आपण मान्य केलेले असते. त्याआधी तो संबंध बाहेर न्यायचा तर वेगळे शुल्क भरून तशी रीतसर सोडवणूक करून घ्यावी लागते. चांगला क्लायंट मिळाला की पहिल्या महिन्यातच ‘आपण थेट व्यवहार करू, दोघांचेही शुल्क वाचेल’ हा विषय कोणीतरी काढतो. तेव्हा देण्याचे उत्तर त्या अटीत आधीच लिहिलेले आहे, म्हणून ती खाते उघडण्याच्या दिवशीच वाचून ठेवावी.